मावशी नावाचा थांबा

माझी आई बसमध्ये कंडक्टर होती. निवृत्त झाली त्याच वर्षी तिने कॉलेजात नाव घातलं. घरात कोणाला विचारलं नाही, सांगितलं फक्त. बाबा शिंपी आहेत. ते तेव्हा पुढच्या खोलीत एका पँटची खालची दुमड शिवत होते. त्यांनी मशीन थांबवलंही नाही.

"कुठल्या कॉलेजात?"

"मोठ्या रस्त्यावरच्या. इतिहास घेतलाय."

"मग सकाळी डबा लागेल," बाबा म्हणाले आणि दाताने दोरा तोडला.

मी त्यांची एकुलती एक मुलगी. चष्म्याच्या दुकानात लोकांचे नंबर तपासते. माझं शिक्षण संपून मी नोकरीला लागले आणि आईच्या पुस्तकांना कव्हरं घालायची पाळी माझ्यावर आली. मला सुरुवातीला धास्तीच वाटत होती. आई स्वभावाने तापट नाही, पण तिचा आवाज मोठा. सगळा जन्म इंजिनाच्या वरताण बोलण्यात गेला, त्याला ती तरी काय करणार! घरात ती "मीठ दे गं" म्हणाली तरी शेजारचे दचकतात. वर्गात कसं होणार, पोरं हसतील का, ही काळजी मला. तिला नव्हती.

पहिल्या दिवशी शिपायाने तिला पाहिलं आणि "पालकांनी इकडे बसायचं" म्हणून व्हरांड्यातल्या बाकावर बसवलं. आई गुपचूप बसली. तिला वाटलं, नव्या मुलांना आधी इथेच बसवत असतील. पहिला तास तसाच गेला. दुसऱ्या तासाला मात्र ती उठली. वर्गाच्या दारात ही गर्दी, कोणी आत जाईना. तिने सवयीने हाक दिली, "पुढे सरका, पुढे सरका, आत जागा आहे!" आणि खरंच सगळी मुलं मुकाट्याने पुढे सरकली.

त्यानंतर तिला कोणी हसलं नाही. नाव मात्र ठेवलं. एकदा तास संपून गेला तरी सर बोलतच राहिले होते, तेव्हा आईने मागून जिभेने हळूच "टिंग टिंग" केलं. गाडी सोडायची खूण. सरांसकट सगळा वर्ग हसला. त्या दिवसापासून ती डबलबेल काकू.

इतिहास शिकवायला एक तरुण मॅडम होत्या. माझ्याहून दोन-तीन वर्षांनीच मोठ्या असतील. किडकिडीत अंगाच्या, आणि खडू कानावर अडकवून विसरून जाणाऱ्या. त्यांना आईला काय म्हणावं हेच कळेना.

"तुम्हाला हाक कशी मारू मी?"

"कशीही मारा मॅडम. फक्त शेवटच्या बाकावर बसवू नका. मागे फार धक्के बसतात."

दुसऱ्या वर्षाला असताना कॉलेजने एक नवीन गोष्ट सुरू केली. ऑनर्सचं संशोधन एरवी शेवटच्या वर्षाला करायचं असतं. त्या वर्षी ठरलं, की ज्यांची इच्छा असेल त्यांनी दुसऱ्याच वर्षी हात घालून बघावा. विषय आपल्याच भागाच्या इतिहासातला हवा. मुलांनी भराभरा नावं दिली. कोणी जुना पूल घेतला, कोणी घड्याळाचा मनोरा, कोणी पहिली शाळा. आई उभी राहिली.

"मॅडम, मावशी चालेल का?"

"कोणाची मावशी?"

"कोणाची नाही. थांबा आहे."

आमच्या गावातल्या कोणाला हे सांगावं लागलं नसतं. मॅडम बाहेरून आलेल्या, म्हणून त्यांना माहीत नव्हतं. चढणीच्या रस्त्यावर, जुन्या कारखान्याच्या अलीकडे एक बसथांबा आहे आणि त्याचं नाव नुसतं "मावशी". अमकीचं घर नाही की तमकीचा चौक नाही, नुसतं मावशी. आईने इतकी वर्षं त्या नावाची तिकिटं फाडली होती. "दोन मावशी द्या." "मावशी गेली का हो?" "अहो, मावशी मागे राहिली, आता पुढच्याला उतरा." नवीन माणूस गाडीत असला की तो हसायचा आणि हमखास विचारायचा, ही मावशी कोण? मग आई सांगायची, तिथे एक बाई चहाची टपरी चालवायच्या. फार मायाळू. सगळे त्यांना मावशी म्हणायचे, म्हणून थांब्याचं नाव मावशी.

"मला गोष्ट तोंडपाठ आहे," आईने मॅडमना सांगितलं. "आता ती नीट लिहून काढायची, एवढंच काम."

विभागप्रमुख सरांनी कपाळाला आठ्या घातल्या. "हा विषय आहे का गंमत?"

"ते अजून कळलं नाही सर," मॅडम म्हणाल्या. "कळेल तेव्हा सांगते."

अशी परवानगी मिळाली. माझ्या सुट्टीच्या दिवशी मी स्कूटरवरून तिला नेणार आणि ती बोलत असताना माझ्या फोनवर रेकॉर्ड करणार, असं ठरलं. आईला फोनवर रेकॉर्डिंग जमत नव्हतं असं नाही, पण ती समोरच्याच्या आधी बोलायची. पहिल्या सरावात बाबांची मुलाखत घेतली, तर सगळ्या रेकॉर्डिंगमध्ये बाबांचा फक्त एक खोकला सापडला.

टपरीवाल्या बाई जाऊन बरीच वर्षं झाली होती. त्यांच्या मुलाचं थांब्यासमोरच छत्र्या आणि बॅगा दुरुस्तीचं दुकान आहे. साठीतला, गोल चेहऱ्याचा, हसरा माणूस. आईला पाहताच त्याने स्टूल पुढे केलं. "या या मॅडम! तुमच्या गाडीतून शाळेत गेलीत माझी पोरं."

आईने घसा साफ केला आणि पाठ केलेला प्रश्न विचारला. "तुमच्या आईंच्या नावावरून या थांब्याला मावशी हे नाव पडलं, त्याबद्दल आपण काय सांगाल?"

तो हातातली छत्री उघडता उघडता थांबला. "उलटं आहे ते."

"काय उलटं?"

"आम्ही इथे राहायला आलो तेव्हा थांब्यावर पाटी होती की. मावशी अशी. आईने तिच्या खालीच टपरी टाकली. मग काय, आठ-पंधरा दिवसांत लोकांनी तिलाच मावशी करून टाकलं. फार चिडायची हो ती! पंचविशीतली बाई, आणि पेन्शनर म्हातारे येऊन म्हणायचे, मावशी, एक चहा."

तो खदाखदा हसला. मीही हसले. आई हसली नाही. तिने वहीत काही तरी लिहिलं, खोडलं आणि वही मिटली. आपण संशोधन करतोय याचा तिला जरा वेळ विसरच पडला असावा, कारण ती त्या माणसावरच रागावली.

"अहो, पण तुमच्या आईंनी मला स्वतः सांगितलंय, माझ्या नावाचा थांबा म्हणून!"

"सांगणारच! म्हातारपणी आवडायला लागलं होतं ते तिला."

 घरी येताना चढण उतरून झाल्यावर ती स्कूटरवर मागून म्हणाली, "अगं, अख्ख्या गावाला मी चुकीचं सांगितलं."  बाबांनी तिचं तोंड बघूनच ओळखलं. त्यांनी मशीनवरचा दिवा बंद करून चहा टाकला.

दुसऱ्या दिवशी ती मॅडमकडे विषय बदलून मागायला गेली. तिला वाटलं होतं, त्या नाराज होतील. मॅडमनी सगळं ऐकून घेतलं आणि टेबलावर हात आपटून उठल्या.

"काकू, हे किती छान झालं!"

"छान? माझी गोष्टच आडवी झाली मॅडम."

"तेच म्हणतेय मी. काल तुमच्याकडे उत्तर होतं, प्रश्न नव्हता. आता प्रश्न आहे. टपरीच्या आधी तिथे काय होतं?"

आई म्हणते, की त्या दिवशी ती खरी कॉलेजात गेली. घरी आली ती वेगळ्याच तोऱ्यात. जेवता जेवता हातातला चमचा नाचवून तिने आम्हाला सांगितलं, "पाटी आधी, टपरी नंतर. म्हणजे मावशी त्याच्याही आधीची. कोण असेल?" बाबा म्हणाले, "तू आधी जेव. ती इतकी वर्षं थांबलीय, अजून अर्धा तास थांबेल."

छत्रीवाल्याला पुन्हा विचारल्यावर त्याला आठवलं, की ते आले तेव्हा थांब्याच्या मागे एक बंद पत्र्याची शेड होती. आता तिथे गॅरेज आहे. आम्ही तिथे गेलो. गॅरेजवाला गाडीखाली आडवा होता, तिथूनच बोलला. जागेचा इतिहास वगैरे त्याला ठाऊक नव्हता. पण आईने "इथे काही विचित्र वाटतं का हो तुम्हाला?" असं विचारलं तेव्हा तो सरपटत बाहेर आला.

"हा नळ बघा. कुठल्या गाढवाने बसवलाय?"

नळ खरंच गुडघ्याएवढ्या उंचीवर होता. "रोज हात धुवायला वाकतो मी. माझी कंबर गेली या नळापायी. आणि वर बघा."

आम्ही वर पाहिलं. छताच्या लाकडी तुळयांना लोखंडी कड्या होत्या. ओळीने, सारख्या अंतरावर, चांगल्या जाडजूड. त्याने त्यांना टायर आणि साखळ्या अडकवल्या होत्या.

"एवढ्या कड्या कोण कशाला लावेल? मला तर वाटायचं, इथे कसाई असणार."

आई कड्यांकडे बघत उभी राहिली. मग खाली नळाकडे बघितलं. मग पुन्हा वर. तिने माझा हात असा दाबला, की माझी बोटं दुखली.

"झोळ्या," ती म्हणाली. "अगं, झोळ्या बांधायच्या कड्या आहेत या. आणि नळ पोरांच्या हाताला यावा म्हणून खाली. इथे लहान मुलं असायची!"

गॅरेजवाल्याने टोपी काढून डोकं खाजवलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तो त्या नळाकडे जरा मायेने बघत होता.

मुलं होती तर आया कुठे होत्या? याचं उत्तर आईला लगेच सुचलं. त्या रस्त्याच्या टोकाला बाटल्यांचा कारखाना होता. काच बनायची, आणि बाटल्या निवडायला, धुवायला, भरायला बायका असत. तो बंद पडून जमाना झाला. तिथल्या बायका शोधायच्या कशा? मॅडमनी सुचवलं, वर्तमानपत्रात निवेदन देऊ. आईने स्वतःची पद्धत काढली. दुपारी ती बसमध्ये चढली, गाडीच्या मधोमध उभी राहिली आणि तिच्या त्या आवाजात म्हणाली, "बाटल्यांच्या कारखान्यात काम केलेलं कोणी आहे का घरात? बोला, बोला, लाजू नका!"

दुसऱ्याच फेरीला मागच्या सीटवरून उत्तर आलं, "माझ्या सासूबाई होत्या!"

त्या सासूबाई म्हणजे उंच आजी. तिसऱ्या मजल्यावर राहतात, ताठ बसतात, आणि चहाचा कप खाली ठेवताना आवाज होऊ देत नाहीत. आईने प्रश्न पुरा करायच्या आधीच त्या म्हणाल्या, "मावशी म्हणजे मी."

आईचा पेन हातातून पडला.

कारखान्यात काचेचे तुकडे सगळीकडे, आजी सांगत होत्या. पोरांना आत नेणं शक्यच नव्हतं. मग बायकांनी ती रिकामी शेड मागून घेतली. कड्या ठोकल्या, झोळ्या बांधल्या. "मी सांभाळायची सगळ्यांना. नळसुद्धा मीच प्लंबरच्या मागे लागून खाली घेतला. तो म्हणत होता, बाई, असा नळ कोणी बसवत नाही. मी म्हटलं, तू बसव, हात धुणारी माझी आहेत."

आई घरी आली ती तरंगतच. तिने एका बैठकीत अख्खं प्रकरण लिहून काढलं. बाबांनी ते मोठ्याने वाचून दाखवलं. जिथे बाबांना जांभई आली तिथे आईने काट मारली. तरी बरंच उरलं.

मॅडमनी वाचलं, मान हलवली आणि म्हणाल्या, "सुंदर. आता दुसरी साक्ष आणा."

"उंच आजी कशाला खोटं बोलतील?"

"मी कुठे म्हणतेय खोटं? पण टपरीवाल्या बाईंनीही तुम्हाला सांगितलंच होतं ना?"

 आई पुन्हा बसमध्ये चढली. या वेळी जरा वेळ लागला, पण गावाच्या दुसऱ्या टोकाला ठेंगण्या आजी सापडल्या. या तोंडाने फटकळ, हसताना डोळे पूर्ण मिटायच्या. दारातच म्हणाल्या, "मावशीबद्दल विचारायला आलात? विचारा. मीच ती."

आई माझ्याकडे बघायला लागली, मी आईकडे.

कड्या? ठेंगण्या आजींनी ठोकून घेतल्या होत्या. झोळ्या? त्यांच्या घरातल्या जुन्या चादरींच्या. नळ? "प्लंबर ऐकत नव्हता मेला. मी त्याला खाली बसवलं आणि म्हटलं, आता हात वर कर. कुठवर पोचतो? तिथे लाव."

आईने भीत भीत उंच आजींचं नाव काढलं. ठेंगण्या आजींनी हात झटकला. "ती? होती ना आमच्यात. कामाला वाघ. पण मावशी? छे! मावशी मी."

त्या रात्री आईने दोन्ही रेकॉर्डिंग पुन्हा पुन्हा लावून ऐकली. सकाळ होताच ती मॅडमसमोर उभी. "मॅडम, दोघींपैकी एक जण नक्की थापा मारतेय. मला काय करावं सुचत नाही. म्हाताऱ्या माणसाला खोटं कसं पाडू?"

मॅडमनी कानावरचा खडू काढून बोटांत फिरवला. "किंवा दोघी खरं बोलतायत, आणि आपलाच प्रश्न चुकलाय. आपण 'कोण' विचारतोय. काकू, दोघींना एकत्र आणता येईल?"

गॅरेज बंद असतं त्या दिवशी सकाळी आम्ही दोघींना तिथे आणलं. गॅरेजवाल्याने शेड झाडून, चार खुर्च्या मांडून ठेवल्या होत्या आणि अंघोळ करून आला होता. मॅडमही आल्या. मला वाटत होतं, आता हमरीतुमरी होणार. झालीच.

दोघी एकमेकींना भेटल्या नव्हत्या कारखाना सुटल्यापासून. आधी गळ्यात पडल्या, डोळे पुसले, गुडघ्यांची चौकशी झाली. मग आईने हळूच विषय काढला आणि उंच आजींची मान ताठ झाली.

"हिने सांगितलं, की मावशी ही होती?"

"होतेच मुळी!" ठेंगण्या आजी म्हणाल्या.

"अगं, मग तुझ्या थोरल्याला झोळीत कोण निजवायचं? माझ्याशिवाय निजायचा का तो?"

"तू निजवायचीस. कोण नाही म्हणतंय? पण तुझ्या पोरीचे दात आले तेव्हा तिला खांद्यावर घेऊन या इथे, या इथे फेऱ्या कोणी मारल्या?"

"तू मारल्यास."

"मग?"

"मग काय?"

 उंच आजींनी वर कड्यांकडे पाहिलं. ठेंगण्या आजींचे डोळे हळूहळू मिटायला लागले आणि मला कळलं, की त्या हसतायत.

"अगं बये," त्या म्हणाल्या, "सुट्टी!"

"सुट्टी!" उंच आजींनी कपाळावर हात मारून घेतला.

मग दोघी एकदम बोलायला लागल्या, आणि माझ्या रेकॉर्डिंगमध्ये तो सगळा भाग नुसता गोंधळ आहे. पण त्यातून निघालं ते असं. कारखाना रोज चालायचा आणि बायकांना सुट्टी पाळीपाळीने मिळायची. जिची सुट्टी, ती त्या दिवशी शेडमध्ये मुलं सांभाळायची. म्हणजे आज ही, उद्या ती, परवा तिसरी. नळ बसवायला प्लंबर दोनदा आला होता. पहिल्यांदा लावलेलाही उंचच झाला होता.

"पण मग मुलं सगळ्यांना मावशी कशी म्हणायची?" आईने विचारलं. "जिची पाळी, तिचं स्वतःचं मूल तर तिला आई म्हणत असेल ना?"

"नाही," उंच आजी म्हणाल्या. "तोच तर नियम होता. शेडमध्ये आई म्हणायचं नाही."

"का?"

ठेंगण्या आजींनी उत्तर दिलं. "अहो, एकाने आई म्हटलं की बाकीच्यांना आपली आठवायची. लागली सगळी भोकाड पसरायला! म्हणून त्या दिवशी पोटच्या पोरानेसुद्धा मावशी म्हणायचं. माझा थोरला तर घरी आल्यावरही विसरायचा. बापापुढे मला म्हणायचा, मावशी, जेवायला वाढ."

गॅरेजवाला सगळ्यांत मोठ्याने हसला. आई हसता हसता रडत होती, किंवा उलट.  मॅडमनी नळ सोडून तोंडावर पाणी मारलं, आणि त्यासाठी त्यांना चांगलंच वाकावं लागलं.

बसचंही त्याच दिवशी समजलं. तिथे आधी थांबा नव्हताच. बायका कडेवर पोरं घेऊन ड्रायव्हरला ओरडायच्या, "मावशीपाशी घ्या हो!" आणि तो घ्यायचा. आई नवीन असताना ज्यांच्या गाडीवर काम शिकली, त्या म्हाताऱ्या ड्रायव्हरकाकांना तिने फोन लावला. ते म्हणाले, "हो की! पुढे पाट्या रंगवल्या तेव्हा पेंटरने मला विचारलं, इथे काय लिहू? मी म्हटलं, मावशी लिही. दुसरं काही म्हणतच नव्हतं कोणी." इतकी वर्षं त्यांना हे माहीत होतं. आईने रागावून विचारलं, मला कधी सांगितलं का नाहीत? ते म्हणाले, "तू कधी विचारलंस? तू तर मलाच टपरीची गोष्ट सांगायचीस."

कारखाना बंद पडला तो एका दिवसात. सकाळी बायका आल्या तर दाराला कुलूप. दोघी आजींना तो दिवस आठवतो. शेडमधल्या झोळ्या सोडून जिची तिची चादर जिने तिने नेली. आईने हे थोडक्यातच लिहिलं. मॅडमनी विचारलं, अजून लिहायचं का? आई म्हणाली, नको, त्या एवढंच बोलल्या, मी जास्तीचं कशाला लिहू.

प्रबंध सादर करायच्या दिवशी सभागृहात एरवी रिकाम्या खुर्च्या जास्त असतात. आईने पुन्हा बसमध्ये घोषणा केली होती. तिचा अंदाज होता, दहा-बारा लोक येतील. आले ते इतके, की उभं राहायला जागा उरली नाही. शेडमध्ये वाढलेली मुलं आली होती, सगळी आजी-आजोबा झालेली. टक्कल पडलेला एक निवृत्त पोस्टमन, दोन बहिणी, एक पोटसुट्या हॉटेलवाला. ठेंगण्या आजींचा थोरला काठी टेकत आला आणि उंच आजींना बघून दारातूनच ओरडला, "मावशी!" दोन्ही आजींनी एकदम "काय रे?" म्हटलं.

बाहेरून आलेले परीक्षक गंभीर गृहस्थ होते. त्यांनी चष्मा पुसला. "बाई, तुम्ही सुरुवातीला एक गृहीतक मांडलं होतं. त्याचं काय झालं?"

"साफ आडवं पडलं, सर," आई म्हणाली.

सभागृहात हशा पिकला. माइक बंद होता, पण तो हवाच कोणाला होता! परीक्षकही हसले आणि म्हणाले, "माझं पहिलं गृहीतक वाचवायला मला चार वर्षं लागली होती, आणि शेवटी पडलंच. तुम्ही लवकर सुटलात." विभागप्रमुख सर पहिल्या रांगेत होते. त्यांनी पोस्टमनला स्वतःची खुर्ची दिली आणि भिंतीला टेकून सगळं ऐकलं.

कार्यक्रमानंतर कोणी घरी जाईना. उंच आजींना कॉलेजचं ग्रंथालय बघायचं होतं. आई दोघींना हाताला धरून घेऊन गेली आणि कपाटांमधून फिरवत राहिली. ठेंगण्या आजींनी एक जाडजूड पुस्तक हातात घेऊन वजन बघितलं. "यात आम्ही असणार?" त्यांनी विचारलं. "यात नाही," आई म्हणाली, "तुमचं वेगळं. त्या खालच्या फळीवर." आजी म्हणाल्या, "खालीच बरं. पोरांच्या हाताला येईल."

त्यानंतरच्या रविवारी दुपारी आई गाढ झोपली होती. कित्येक महिन्यांत ती दुपारी पडलीच नव्हती. दारावर टकटक झाली. मॅडम उभ्या होत्या, हातात कागद, धावत आल्यासारख्या.

"काकू कुठेत? निकाल लागला!"

मी आईला उठवायला वळले तर मॅडमनी माझा दंड धरला. "झोपू दे. निकाल कुठे पळून जात नाहीये." मग आम्ही तिघं स्वयंपाकघरात दार लोटून बसलो. मॅडमनी कागद दाखवला. आईला विभागात सगळ्यांत वरचा दर्जा मिळाला होता. शेवटच्या वर्षाची मुलंसुद्धा तिच्या मागे. बाबांनी कागद दोनदा वाचला, नीट घडी घातली, उघडला, पुन्हा वाचला. मग तोंडावर हात धरून हसायला लागले. त्यांना असं आवाज न करता हसताना मी पहिल्यांदाच बघत होते. त्यांचं बघून मॅडमना हसू आवरेना, मला आवरेना. आम्ही एकमेकांना गप्प करत होतो आणि कपबशा वाजत होत्या.

दार ढकलून आई आत आली. केस विस्कटलेले, गालावर उशीचा वळ.

"अहो, घरात पाहुणे आलेत आणि मला कोणी उठवत नाही? काय चाललंय तुमचं?"

बाबांनी कागद पुढे केला. आईने चष्मा शोधला, तो मीच तिला दिला. तिने वाचलं. खुर्ची ओढून बसली. 

मग नाक पुसून ती म्हणाली, "मॅडम, चुका कुठे कुठे निघाल्या?"

"दोन-चार आहेत काकू. किरकोळ."

"दाखवा," आई म्हणाली, आणि पेन्सिल आणायला उठली.